बिनखुरपणीचा वाफा

शेतात तण राहू नये म्हणून सगळं गाव झटतं. त्याच तणाचा एक तुकडा जागेवर राहावा म्हणून मला पगार मिळतो. ‘तुम्ही काय करता?’ असं कोणी विचारलं की पूर्वी मी ‘शेती संशोधनात आहे’ म्हणायचे. ते खोटं नव्हतं, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या उभ्या राहायच्या. आता सरळ सांगते, मी तण मोजते. त्यावर लोक हसतात, नाहीतर विचारतात, ‘आणि मोजून काय करता?’

काय करते ते आधी सांगते. मी शिरूरला राहते. आमची संस्था लहान आहे. नवं बियाणं, नवं औषध, पेरणीची नवी रीत आली की ती शेतकऱ्याच्या रानात लावून बघायची आणि जे दिसेल त्याचे आकडे द्यायचे, एवढंच तिचं काम. माझ्याकडे धान्यपिकं असतात. शिरूरच्या वरच्या अंगाला माळरानावर ज्वारी-बाजरी आणि खाली भीमेच्या काठाला पाण्यावरचा गहू. स्कूटीच्या पुढच्या मोकळ्या जागेत एक लोखंडी चौकट उभी करून ठेवलेली असते, अर्धा मीटर लांब, तितकीच रुंद. ही माझी सगळ्यात महागाची वस्तू नाही, पण हरवली तर काम थांबतं. ती पिकात टाकायची आणि आत जेवढी तणं सापडतील तेवढी जातवार मोजायची. मग कापायची, वाळवायची, वजन करायची. टाकताना मी मान दुसरीकडे वळवते. बघत टाकली तर हात आपोआप बऱ्या जागेकडे जातो. माणसाचा हात प्रामाणिक असला तरी डोळा लबाड असतो.

या मोजणीतून जे शिकले त्यातलं मला अजून नवल वाटतं ते हे. माळावरच्या वाफ्यात तण कमी निघतं आणि नुकसान जास्त होतं. नदीकाठच्या गव्हात तण दाट असतं, पण वेळेत एकदा खुरपलं तर गहू ते विसरून जातो. पहिल्या वर्षी मला वाटलं, माझंच मोजायला चुकलं. मी परत गेले, परत मोजलं. आकडे तेच. माळावर पावसाने जमिनीत जी ओल ठेवली असते तेवढीच पीक आणि तण या दोघांत वाटून घ्यायची असते. तणाच्या दोन झाडांनीही तिच्यात तोंड घातलं की ज्वारी माना टाकते. पाणी भरलेल्या गव्हात ओलीचं भांडण नसतं, तिथे भांडण उजेडाचं. जो आधी उंच होईल त्याचं रान. आणि खताचं म्हणाल तर युरिया फेकणाऱ्याला वाटतं आपण गव्हाला जेवायला वाढलं. पंगतीला तण आधीच बसलेलं असतं.

हे सगळं कळायचं तर एक वाफा असा लागतो ज्याला कोणीच हात लावलेला नाही. शेजारी एक वाफा पूर्ण स्वच्छ, एक औषध मारलेला, एक एकदाच खुरपलेला, आणि हा एक बिनखुरपणीचा. त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय बाकीच्यांना काही अर्थ नाही. शेतकऱ्याला काहीही करायला सांगणं सोपं आहे. तो पहाटे उठेल, दोनदा पाणी देईल, पाठीवर पंप बांधून चिखलात फिरेल. ‘इथे काहीही करू नका’ हे मात्र त्याला जमत नाही. एका ठिकाणी मी मोजायला गेले तर बिनखुरपणीचा वाफा आरशासारखा लख्ख. शेतमालक खुशीत. ‘बाया पलीकडं आल्याच व्हत्या, तुमचा तेवढाच कोपरा ऱ्हायला व्हता. घेतला काढून. मजुरी देऊ नका, मॅडम.’ दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्याने बांधावरून येऊन तण काढलं, कारण शेतमालक आजारी पडलाय म्हणूनच रानाची अशी दशा झाली असा त्याचा समज झाला. त्याने वर डबाही पाठवला होता.

मला त्यांचा राग येत नाही. माझी आई उन्हाळा-पावसाळा खुरपायला जायची. खुरपं तिच्या हातात असं बसायचं की ती बोलत बोलत पिकाची काडी न दुखवता सरकत जायची. तिला मी या कामाविषयी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हंजी मी जे काढत आले ते तू राखायचं?’ मी म्हटलं, ‘एकच वाफा, आई.’ त्यावर ती म्हणाली, ‘एक तर एक. लोक घरधनिणीला नावं ठेवत्यात गं.’

आईचं हे वाक्य मला वडगाव रासाईला पुरेपूर समजलं.

तिथे बबनआबा म्हणून एक शेतकरी आहेत. साठीच्या पुढचे, बोलायला कमी. त्यांच्या आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आबांच्या वडिलांनी जमीन धरली आणि घर नदीकाठाला स्थिरावलं. रस्त्याला लागून त्यांचा दीड एकराचा तुकडा. काळी जमीन, विहिरीचं पाणी, गावात सगळ्यांत स्वच्छ रान अशी ख्याती. म्हणून तर मी तिथे गेले. स्वच्छ रान ठेवणाऱ्याकडे बाकीच्या गोष्टीही वेळेवर होतात. मी सगळं समजावून सांगितलं. बियाणं आणि खत आमचं, पीक त्यांचं, आणि त्या एका वाफ्याला कापणीपर्यंत हात लावायचा नाही. त्यांनी शेवटची अट दोनदा विचारून घेतली.

‘एक काडी बी न्हाई काढायची?’

‘एकही नाही, आबा.’

‘गाजरगवत आलं तर?’

‘तरी नाही.’

‘बरं. दिला शब्द.’

वाफ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात. तीही माणसाच्या डोळ्याची लबाडी टाळायची युक्ती. बिनखुरपणीचा वाफा नेमका रस्त्याकडेला आला. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरणी झाली. महिना सरेपर्यंत चार वाफे चार घरांसारखे वेगळे दिसायला लागले. रस्त्याने दुधाची गाडी जायची, ऊसवाले ट्रॅक्टर जायचे, आणि प्रत्येकजण वेग कमी करायचा. मी चौकट घेऊन बसलेली असताना माझ्या कानावर यायचं.

‘आबा, तब्येत बरी हाय ना?’

‘बरी हाय.’

‘न्हाई, रान बघून इचारलं.’

एकाने तर मोटरसायकल थांबवून विचारलं, ‘आबा, ह्यो वाफा वाटणीत भावाला गेला का?’ आबांनी मान हलवली फक्त. घरात मात्र शांतता नव्हती. आबांची बायको सुमनकाकू रोज जनावरांना वैरण आणताना त्या वाफ्यावरून जायच्या आणि पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायच्या. मला चहा द्यायच्या, पण कपबशी जरा आपटून.

जानेवारीच्या शेवटी त्यांच्या मुलाचा फोन आला. अमोल त्याचं नाव. बत्तिसाव्या वर्षात होता, बी. ए. झालेला, शेती आणि चार गाई सांभाळणारा. आमच्याकडच्या गावांत सध्या हे वय आणि हा धंदा एकत्र आला की लग्नाचं अवघड होतं. मुलगी द्यायची तर नोकरीवाल्याला, असं सगळ्यांचंच ठरलेलं. शेतकरीही आपली मुलगी शेतकऱ्याला देत नाहीत. अमोलला त्याआधी किती नकार आले होते ते मला नंतर कळलं, पण आकडा मी लिहीत नाही. तो त्याचा आहे.

‘मॅडम, रविवारी पाहुणे येत्यात. केडगावकडचे. घर आन् रान बघायला.’

‘चांगली बातमी आहे.’

‘व्हय. म्हणून म्हटलं… तेवढा वाफा काढला तर लई नुकसान हुईल का?’

मी खरं सांगितलं. त्या ठिकाणचे सगळे आकडे बाद होतील, चारही वाफ्यांचे. पुढच्या वर्षी दुसरीकडे पहिल्यापासून. ‘पण रान तुमचं आहे, अमोल. मी नाही म्हणणार नाही.’

‘आबा न्हाई म्हणत्यात.’

मी त्याच दिवशी गेले. म्हटलं, मीच आबांना मोकळं करावं. घरात दोघांचं भांडण माझ्यासमोरच सुरू राहिलं.

‘पोराचं लगीन म्हत्त्वाचं का ह्येंचं गवात?’ काकू म्हणाल्या. माझ्याकडे बोट होतं. ‘पाहुणं रस्त्यावरनं येणार, पहिलं ते बघणार. म्हणतील, ज्येला रान राखता येत न्हाई ते माणूस राखणार का?’

‘शब्द दिलाय,’ आबा म्हणाले.

‘आबा, मी तो शब्द परत करते,’ मी म्हटलं. ‘कोणी तुम्हाला बोल लावणार नाही.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘दिलेला शब्द तुमी परत केला म्हणून माझ्याकडचा संपतो व्हय? दोन म्हैने लोकं हसली ती फुकट जायची. आता पुरा करू.’

मी तडजोड सुचवली, रस्त्याकडेला मोठी पाटी लावू, ‘प्रयोगासाठी तण राखले आहे’ अशी. काकूंनी ती एका वाक्यात निकालात काढली. ‘पाहुणं पाट्या वाचाया येत्यात का?’

निघताना आबा एवढंच म्हणाले, ‘रविवारी तुमी या. मला बोलता येत न्हाई. कुणी इचारलं तर तुमी सांगा.’

एखाद्याच्या लग्नाच्या बोलणीत तणाची साक्षीदार म्हणून जायची ही माझी पहिलीच वेळ. शनिवारी संध्याकाळी घरी मी नवऱ्याला म्हटलं, ‘जमलं नाही तर मला पुन्हा त्या घरात पाय ठेवता येणार नाही.’ तो म्हणाला, ‘मोजायचं तर आहेच तुला. चौकट घेऊन जा, म्हणजे कामावर आल्यासारखं वाटेल.’ मी घेऊन गेले.

न्हावऱ्यावरून पुढे वडगावच्या रस्त्याला लागले आणि लांबूनच रंग दिसले. बिनखुरपणीच्या वाफ्याभोवती चारही बाजूंनी साड्या बांधल्या होत्या. आमच्याकडे रानडुकरांसाठी पिकाभोवती जुन्या साड्या लावतात, ते सगळीकडे दिसतं. पण त्या विटक्या, फाटक्या असतात. ह्या बऱ्या होत्या. एक तर जरीच्या काठाची. काकू दाराशी उभ्या होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, ‘हात न्हाई लावला तुमच्या वाफ्याला. एक काडी बी न्हाई काढली. झाकला फकस्त.’ शब्दही राहिला होता आणि अब्रूही. मला हसू आलं, पण काकूंचा चेहरा बघून गिळलं.

पाहुणे चौघं आले. मुलीचे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणत होते, पुण्याला नोकरी करून निवृत्त झालेले. मुलीची आई, एक चुलता, आणि मुलगी स्वतः. मुलगी शक्यतो या बघण्याला येत नाही, पण तात्या म्हणाले, ‘ती म्हणली, राहायचं मला हाय, बघणार बी मी.’ तिचं नाव प्रियांका. दौंडला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची.

पोहे झाले, चहा झाला. तात्यांनी विहीर बघितली, गाई बघितल्या, गोठ्यातल्या फरशीचा उतार बघितला. माणूस जाणता होता. स्वच्छ वाफ्याच्या बांधावर उभे राहून त्यांनी गव्हाच्या ओंब्या हातात घेऊन बघितल्या आणि मान डोलावली. मग त्यांची नजर साड्यांवर गेली.

‘ह्ये काय हाय?’

‘डुकरं येत्यात,’ काकू घाईने म्हणाल्या.

तात्यांनी चारही वाफ्यांकडे बघितलं. ‘आन् डुकरं ह्या तीन वाफ्यांत येत न्हाईत?’

चुलता फस्सकन हसला. काकूंनी जमिनीकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे. मी तोंड उघडणार तोच अमोल पुढे झाला आणि त्याने रस्त्याकडची साडी सोडली.

कमरेइतका चंदनबटवा, त्यात गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरलेलं, खाली हरळी आणि लव्हाळ्याचं दाट जाळं. मध्ये कुठेतरी गहू, काठी टेकून उभ्या असलेल्या माणसासारखा बारीक. तात्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं तो राग नव्हता. फसवणूक वेळेत पकडल्याचं समाधान होतं, आणि ते जास्त वाईट.

मी सांगायला सुरुवात केली. चार वाफे कशासाठी, चिठ्ठ्या कशा टाकल्या, हा वाफा असाच का ठेवायचा. चौकट काढून दाखवली. बोलताना माझ्याच कानाला ते सगळं सारवासारव वाटत होतं. प्रियांकाने मात्र चौकट हातात घेतली.

‘आम्ही पण चौकटीतच मोजतो,’ ती म्हणाली. ‘आमची डोळ्याला दिसत नाही एवढी असते. पेशी मोजायला.’ मग ती अमोलकडे वळली. ‘तुम्ही रोज इथून जाता?’

‘रोज.’

‘काढावंसं वाटलं नाही?’

‘रोज वाटलं.’

‘मग?’

‘आबांनी शब्द दिलाय.’

‘आबांनी दिला,’ ती म्हणाली. ‘तुम्ही नाही.’

वाक्य साधं होतं, पण मला ते ऐकून धसका बसला. तोवर मी समजत होते की बघायचं ते आबांचं रान आणि आबांचा शब्द. तिला बघायचं होतं की या घरात बोलतो कोण. बापाच्या आड उभा राहणारा नवरा तिला नको होता, आणि ते तिने चारचौघांत, बांधावर उभं राहून विचारलं होतं.

अमोल तिच्याकडे वळला.

‘खरं सांगू का? मी मॅडमला फोन केलता. म्हटलं, काढू का. तुमी येणार म्हणून.’ त्याचे कान लाल झाले होते. ‘मॅडम म्हणल्या, तुमचं रान हाय, मी न्हाई म्हणणार न्हाई. आबा म्हणले, न्हाई. मंग मी दोन रात्री इचार केला. मला वाटलं, काढला असता तर तुमाला रान आवडलं असतं. पर ते रान माझं नसतं, तेवढ्यापुरतं केलेलं असतं. म्हणून मी बी न्हाई काढला. ह्या साड्या आईच्या हायत, त्या मात्र मला थांबवता आल्या न्हाईत.’

‘काकूंच्या चांगल्या साड्या आहेत,’ प्रियांका म्हणाली.

‘लग्नातली बी हाय त्यात,’ काकू पुटपुटल्या.

आता तात्या हसले. मोठ्याने नाही, पण हसले. ते आबांना म्हणाले, ‘दोन म्हैने लोकं काय म्हणली?’

‘इचारू नका,’ आबा म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलंच वाक्य.

दोघं म्हातारे मग युरिया फेकावा की पाभरीने पेरावा यावर बोलायला लागले. तो विषय माझा होता, पण मला कोणी विचारलं नाही, आणि मीही मधे पडले नाही. प्रियांका वाफ्याच्या कडेला बसली होती. बोलता बोलता, बहुतेक तिच्याही नकळत, तिने चंदनबटव्याचं एक कोवळं झाड मुळासकट उपटलं. माती झटकली. आमच्याकडच्या कुठल्याही बाईचा हात ही भाजी दिसली की तसाच जातो.

‘अगं ये, हात लावू नगं!’

ओरडल्या त्या सुमनकाकू. दोन महिने त्या वाफ्याकडे पाठ फिरवून चालणाऱ्या, साड्या बांधणाऱ्या. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांच्याही लक्षात आलं आणि त्या ओशाळल्या. ‘म्हंजी… ह्येंनी शब्द दिलाय,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या.

प्रियांका झाड हातात धरून माझ्याकडे बघत होती. ‘परत लावू?’

‘लावून चालत नाही,’ मी म्हटलं.

‘मग याचं काय करू?’

‘एका झाडाची काय भाजी हुतीया,’ काकू म्हणाल्या. ‘पल्याड विहिरीच्या बांधाला ढीगभर हाय. चल, दावते.’ आणि दोघी गेल्या. प्रियांकाच्या आईलाही त्यांनी वाटेत हाताला धरून घेतलं.

मार्चअखेर गहू निघाला. बिनखुरपणीच्या वाफ्यात स्वच्छ वाफ्याच्या निम्म्याच्या वर थोडासा उतरला. औषधाचा वाफा आणि खुरपलेला वाफा वजनात जवळजवळ सारखे, आणि खर्चात औषधाचा स्वस्त. हे दरवर्षीच होतं. माझे आकडे खरे आहेत आणि त्याच आकड्यांनी खुरपणीला जाणाऱ्या बायांची रोजंदारी कमी होत चालली आहे. आई असती तर तिला हे कसं सांगितलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही. कागदावर त्याला रकाना नाही.

अहवाल मी एप्रिलमध्ये पाठवला. वडगावच्या ठिकाणापुढे शेऱ्यात लिहिलं : बिनखुरपणीच्या वाफ्यातून एक चंदनबटवा हाताने उपटला गेला, जानेवारी. आमच्या वरिष्ठांचा फोन आला. एवढ्या बारीक गोष्टीची नोंद करायची खरं तर गरज नव्हती, असं ते म्हणाले, पण केलीच आहे तर पूर्ण करा. बाहेरच्या माणसाने वाफ्यात शिरून उपटला असेल तर तसं लिहावं लागेल.

‘बाहेरच्या नाही, सर,’ मी म्हटलं. ‘घरच्याच माणसाने उपटलाय.’